कुणाच्याच नावावर नसलेला अर्धा तास

त्या संध्याकाळी आपण ओट्यावर शेंगा फोडत बसलो होतो. उन्हाळी भुईमुगाचं बी. तू पोत्यावर पाय लांब करून, मी पायरीवर, मधे सूप. मी म्हणालो, मंचरला मशीनवर नेऊन टाकू, चहा पिऊस्तवर काम होतंय. तू म्हणालीस, "मशीनवरचं बी खरचटतं. मग उगवलं न्हाई की मलाच बोलणार तुमी." खरं आहे, मीच बोललो असतो. मी फोडत कमी होतो आणि खात जास्त होतो. दर वर्षी तू माझ्या हातावर चापट मारायचीस. त्या दिवशीही मारलीस.

तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला होता. त्यात आपली वैशू, तिच्या पुण्याच्या खोलीत, कानाला ते हेडफोनचं डबडं लावून. तुझ्या पाणीवाटपाच्या प्रोग्रामचं काम तिनं हाती घेतल्यापासून रोज संध्याकाळी ती तुला काहीबाही विचारायची. त्या दिवशी म्हणाली, "आई, आता एकच राहिलंय. रामभाऊंची पाळी संपते आणि काशीबाईंची सुरू व्हायची असते, त्याच्या मधे अर्धा तास आहे. मोटार चालू, वॉल उघडा, आणि नाव कुणाचंच नाही. जुना प्रोग्राम तो अर्धा तास सोडतो. नव्या प्रोग्रामनं गाळून टाकलाय. आहे कुणाचा तो?"

तू अंगठ्यानं शेंग दाबलीस. कट वाजलं. "उद्या सांगते," म्हणालीस. "उजेड हाय तवर एवढ्या शेंगा व्हऊ दे."

"एका वाक्यात सांग ना."

"एका वाक्यातलं न्हाई ते, बाय."

मोबाइल बंद झाल्यावर मी तुला डिवचलं. "चुकलंय म्हणून सांग की पोरीला सरळ. इतकी वर्सं मी काय सांगतोय?" तू मूठभर फोलपटं उचलून माझ्या अंगावर टाकलीस आणि पुढची शेंग घेतलीस. मग दिवे लागणीची वेळ झाली, सूप तसंच आत नेऊन ठेवलं. राहिलेल्या शेंगा उद्या, असं तूच म्हणालीस.

उद्या उजाडला. सांगणारी राहिली नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायचं काम तुझं, वॉल फिरवायचं माझं, असं आपलं पहिल्यापासून ठरलेलं. आता दोन्ही माझ्यावर टाकून गेलीस. वॉल जमतो. हे जमतंय का ते तू सांगितलं असतंस, तेही तोंड वाकडं करून.

लोकांना आता आठवत नाही पाण्यावरून काय व्हायचं ते. नदीवर मोटारी बसल्या, पाइपलाइन आली, शेतोशेती सिमेंटचे चेंबर झाले, आणि त्यानंतरच खरी भांडणं लागली. कुणाची पाळी किती वेळ, कुणी कुणाचा वॉल आवळला. सख्खे भाऊ खोरं उगारून उभे राहिलेले मी बघितलेत. मी पाटकरी, पाणी सोडणारा. दोन्हीकडच्या शिव्या मला. तू तेव्हा पाणीवाटप संस्थेच्या दफ्तरात कारकून. तुझ्या वडलांची तळेघरला शाळेत शिपायाची नोकरी, म्हणून तू दहावी तरी पाहिलेली. संस्थेत कंपूटर आला तो खोक्यात पडून होता, हात लावायला सगळे भीत होते. तू एसटीनं मंचरला क्लासला जायला लागलीस. भाकरी बांधून. मी म्हणालो, "म्हातारपणी शाळा." तू म्हणालीस, "म्हातारी तुमची आई."

क्लासच्या सरांनी आणि तू मिळून तो प्रोग्राम केलात. सर पुढं कुठं गेले कुणास ठाऊक. त्यानंतर जे काय वाढवलं, घटवलं, ते तू एकटीनं. ज्या भाषेत लिहिला तिचं नाव फॉक्स का काय होतं. मी विचारलं, म्हणजे काय? तू म्हणालीस, कोल्हा. मी म्हणालो, "म्हंजे गावाचं पाणी कोल्ह्याच्या हातात दिलं म्हण की." तू दिवसभर हसत होतीस आणि दफ्तरात येईल त्याला सांगत होतीस.

पण भांडणं थांबली. पाळीचा कागद छापून फळ्यावर लागला की गाव गप. बबन, आता चेअरमन आहे तो, तेव्हा पोरसवदा होता. तो म्हणायचा, "वैनी, कंपूटरला कायतरी चारा घाला आन् आमची पाळी वाढवा." तू म्हणायचीस, "चारा तू खा. त्याला लाइट पुरती." लोक माणसाशी भांडतात, कागदाशी कोण भांडणार, असं तू म्हणायचीस. मी त्या कंपूटरला तुझा दुसरा नवरा म्हणायचो. तू तुझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा शिवून त्याच्या डोक्यावर घातलास, धूळ बसू नये म्हणून. मला कधी टोपी शिवली नाहीस.

तो नवरा आता मरायला टेकला होता. मधेच काळा व्हायचा. तू थोपटायचीस, परत उजेड यायचा. त्याचे भाग मिळेनात, ती कोल्ह्याची भाषा नव्या मशीनवर चालेना. बबन म्हणाला, नवीन विकत घेऊ. तू म्हणालीस, "इकतचं आपल्या चेंबरला काय ओळखतंय." तेव्हा वैशूनं मधे तोंड घातलं. तिचा धंदाच तो. मोठमोठ्या जुन्या बँकांचे प्रोग्राम, ज्यांची भाषा बोलणारी माणसं म्हातारी झाली किंवा गेली, ते एआयकडून नव्या भाषेत उतरवून घ्यायचे. उतरवतं एआय. तपासायचं काम वैशूच्या लोकांचं.

मला ते कळेना. दिवाळीला आली होती तेव्हा तिनं अंगणात बसवून सांगितलं. "आबा, एवढं लिहिलेलं माणूस ओळ ओळ वाचत बसला तर जन्म जाईल. म्हणून वाचायचं नाही. जुन्याला जे विचारायचं तेच नव्याला विचारायचं. हजारदा, लाखदा, ते पण आपोआप. दोघांची उत्तरं जुळली की पास."

मी म्हणालो, "म्हंजे बेल्ह्याच्या बाजारात करत्यात तसं. जुन्या बैलाशेजारी नवा जुंपायचा आन् चार पावलं चालवून बघायचं."

"अगदी तेच."

"आन् जुना वाकडा चालत आसंल तर?"

वैशू म्हणाली, "तर नव्यानं पण वाकडंच चालायचं. आधी जसंच्या तसं. सुधारायचं ते नंतर, सगळ्यांना विचारून."

तू आतून चहा घेऊन येत होतीस. म्हणालीस, "माझं वाकडं मला म्हाईत हाय. तुमी तुमचं बघा."

किती हसलीस त्या दिवसांत. ते तपासायचं मशीन मनानंच शेतकरी बनवायचं. कुणाला शून्य जमीन, कुणाला अख्खं गाव बसेल एवढी. एक सभासद जन्मायच्या आधीच पाणी मागायचा. नसलेल्या माणसांना तुझा प्रोग्राम पाणी वाटत होता आणि नवा प्रोग्राम त्याच्या मागून तेच सांगत होता. तू वैशूला म्हणालीस, "हे तुजं शेतकरी लई गुणाचं. एकबी वॉलवर शिव्या द्यायला येत न्हाई." मला वाटतं इतक्या वर्षांत तुला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं, हे असं का केलं, ते तसं का केलं. तू पदर सारखा करून मोबाइलसमोर बसायचीस. मी बघत होतो.

सगळं जुळलं. एक अर्धा तास जुळेना. तो नव्यानं गाळला, म्हणून त्याच्या पुढच्या सगळ्या पाळ्या अर्धा तास अलीकडे सरकल्या आणि तिथून खाली मशीन चूक चूक म्हणून ओरडायला लागलं. वैशूनं वाचून दाखवलं, एआयनं स्वतःहूनच लिहिलं होतं, हा वेळ कुणाच्याच उपयोगाचा दिसत नाही म्हणून काढला. मी म्हणालो, "बघ. शाण्या मशीनला कळलं." तू म्हणालीस, "त्यात काय नवल? डिट्टो तुमच्यावर गेलंय. तुमीबी हेच म्हणत आलाय."

मी तेच म्हणत आलोय, नाकारत नाही. मी पाटकरी. कागदावर जे छापलंय ते करायचं. रामभाऊचं झालं की बाजूचा वॉल उघडायचा आणि पाणी ओढ्याकडं सोडायचं. चिंचेखालून खाली जातं. कुणाच्या वाफ्यात नाही, कुणाच्या विहिरीत नाही. पाट भरायला वेळ लागतो तो तू वेगळा धरला होतास, म्हणजे तेही नाही. चांगलं चालतं पाणी सोडून देताना माझा जीव तुटायचा. दर उन्हाळ्यात आपलं एकदा तरी त्यावरून वाजायचं.

एकदा तू म्हणालीस, "मोटार दमती. तिला इसावा." मोटार तर चालूच असायची. एकदा म्हणालीस, "तुमच्या च्याची येळ म्हणून सोडलाय." एकदा देवाचं पाणी म्हणालीस. कुठल्या देवाचं, तर म्हणे ज्याला तहान लागंल त्याच्या. आणि एकदा, मी लई तापलो होतो तेव्हा, तू खाली बघून म्हणालीस, "चुकलं आसंल माझं. ऱ्हाऊ द्या आता." मी म्हणालो, मग दुरुस्त कर. तू केलं नाहीस. पुढच्या पाळीत अर्धा तास तिथंच.

ओढ्यावर म्हशी येतात त्या वेळेला, बाया धुणं घेऊन येतात, मेंढ्या आल्या तर त्याही. म्हणजे त्यांच्यासाठी असेल. पण त्या आधीपासून येत होत्या, की पाणी येतं म्हणून यायला लागल्या? मी तिथंच उभा होतो सगळी वर्षं आणि मला आठवत नाही. चार उत्तरं दिलीस, पाचवं उद्यावर टाकलंस. एवढं काय होतं त्यात, जे शेंगा फोडता फोडता सांगता येत नव्हतं?

त्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉलवर गेलो तेव्हा तू चुलीपाशी होतीस. मी जातो म्हणालो नाही, तू या म्हणालीस नाही. रोजचं कोण म्हणतं. वरच्या चेंबरवर पाणी नुकतं लागलं होतं तोवर बबनची गाडी आली. गाडीवरून उतरलाच नाही. "किसनभाऊ, घरी चला."

"पाणी लागलंय वर."

"लागू द्या. बसा मागं."

त्याच्या आवाजावरून मला कळलं. दुसरं काही विचारलं नाही. तू पायरीवर बसलेली, भिंतीला टेकून, सूप शेजारी. कुणी म्हणेल डुलकी लागली. डॉक्टर आला आणि हात जोडून गेला.

मी वॉल उघडाच टाकून आलो होतो. पाणी चेंबरवरून उसळलं, दुसऱ्याच्या कांद्यात शिरलं, वाट मोडली. त्या दिवशी कुणी ओरडलं नाही. या गावात पाणी वाहून गेलं आणि कुणी तोंड उघडलं नाही, असं मी जन्मात पहिल्यांदा बघितलं. तू असतीस तर तुलाही खरं वाटलं नसतं.

सुतकात मी वॉलला हात लावायचा नाही. सोपाननं माझं काम केलं. सोपान म्हणजे शेवटच्या चेंबरवाला. त्याच्याकडं जाईस्तवर पाणी दमलेलं असतं, त्याचे खालचे वाफे कायम कोरडे. मी त्याला विचारलं, "मोकळा अर्धा तास काय केलास? वळवून नेला आसशील."

तो म्हणाला, "नेला आस्ता, भाऊ. सगळं गाव बघत व्हतं."

मला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. मग रडू आलं. सोपाननं तमाखू मळून दिली.

दहाव्याला तुझा भाऊ आला होता. घाटावर बसल्या बसल्या वैशूनं त्याला विचारलं, मामा, आईनं कधी असं काही सांगितलं होतं का. पोर सगळ्यांना विचारत होती. तिचं कामाचं डोकं आहे. दुसरं काय करावं तिला सुचत नव्हतं. तुझा भाऊ म्हणाला, तुम्ही भावंडं तळेघरला ज्या झऱ्यावर पाण्याला जायचात तिथं तळ खरवडून कुणी हंडा भरत नसे. थोडं ठेवून यायचं. कुणासाठी, ते त्याला सांगता आलं नाही. काशीबाई म्हणाली, "छ्या. आमचं वावर खाली हाय. रामभाऊचा ऱ्हायला गाळ त्यात वाहून जावा, मला निवळ पाणी मिळावं, म्हणून केलं इंदूबाईनं. माझ्यासाठी केलं." रामभाऊ म्हणाला, काशीबाई आणि तो भांडू नयेत म्हणून मधे ठेवला. ज्याला विचारावं त्याला तो अर्धा तास आपलाच वाटतो. मला एकट्यालाच वाटत नाही, आणि मी तुझा नवरा.

तेरावं झाल्यावर बबन आला. बाहेर ओट्यावर बसला, आत येईना. चांगला माणूस आहे, उगीच कशाला वाईट म्हणू. म्हणाला, "भाऊ, उद्यापासून उन्हाळी पाळी. जुना कंपूटर काल कायमचा बसला. वैशूताईचं नवीन चालू करायला लागतंय. मग म्हटलं, तो अर्धा तास आताच सोपानला देऊन टाकू. नाय तरी ओढ्यात जातोय. त्याचा भुईमूग तरी वाचंल."

खोटं काय होतं त्यात? मी हेच तुला सांगत आलो होतो. मी बबनला म्हणालो, वैशूला विचारतो.

वैशू आतल्या खोलीत तिची पाटी घेऊन बसली होती. त्या पाटीला ती लॅपटॉप म्हणते. तुझा प्रोग्राम तिनं त्यातच जिवंत ठेवलाय, नव्याशी ताडून बघायला. दफ्तरातला कंपूटर गेला, पण तुझी उत्तरं तिच्या पाटीत अजून येतात. कुठल्याही नावाची पाळी विचारली की तू सांगतेस. तसंच्या तसं. मला ते बघवेना आणि तिथून उठवेनाही.

ती म्हणाली, "आबा, मला एक ठरवून द्या. मशीनला फरक दिसतो, कारण दिसत नाही. जुना बरोबर की नवा, हे माणसानं सांगायचं असतं. आई मुद्दाम सोडत होती म्हटलं तर एआय चुकलंय, मी त्याला दुरुस्त करायला लावते. आईची चूक होती म्हटलं तर नवा बरोबर. मी तसं लिहून टाकते, ओरडणं थांबतं. काय लिहू? चूक, का मुद्दाम?"

"तुला काय वाटतं?"

"माझ्या वाटण्यावर नाही चालत. आईला विचारणार होते." मग ती थांबली. "तुम्ही तिथं रोज उभे होता, आबा."

इंदू, मी जन्मभर चूक म्हणत आलो. तुझ्या तोंडावर म्हटलं, चारचौघांत म्हटलं, त्या शेवटच्या संध्याकाळी शेंगा खात खात म्हटलं. आता नुसतं तोंड उघडून तेवढं म्हणायचं होतं. पोरगी लिहून घ्यायला बसलेली, चेअरमन बाहेर बसलेला, सोपानचे वाफे वाळलेले, आणि उलट बोलायला तू नाहीस. आपलं सगळ्यात जुनं भांडण मी जिंकत होतो. माझ्या तोंडातून तो शब्द निघेना.

मुद्दाम म्हणावं, तर ते तरी मला कुठं ठाऊक? मला ठाऊक नाही. देवाशपथ ठाऊक नाही. एवढी वर्षं एका ताटात जेवलो आणि तुझ्या अर्ध्या तासाचं मला सांगता येईना. मी तिथं भिंतीला टेकून बसलो तो बसलोच. वैशू पण बसली. माझ्याकडं बघत होती, मग बघायची थांबली.

आजवर मी तुला कधी चांगलं म्हटलं नाही. तूही मला म्हटलं नाहीस, ते राहू दे. पण तू क्लासवरून यायचीस तेव्हा एसटीच्या फाट्यावर मी सायकल घेऊन उभा असायचो, ते तुला न्यायलाच. मोटारीचं सामान आणायला आलोय म्हणून सांगायचो. तुला कळत असणार. कळत नसेल तर आता सांगितलं. पाऊस असो, ऊन असो, तू मागं बसून दिवसभरात काय शिकलीस ते सांगत यायचीस आणि मी हूं हूं करायचो. त्यातलं थोडं ऐकलं असतं तर आज पोरीपुढं असा बसलो नसतो.

शेवटी मी विचारलं, "वैशू, चूक किंवा मुद्दाम, ह्यातलंच एक लिहायला लागतं का? तिसरं काय न्हाई?"

"कारण लिहायची जागा असते एक. काय लिहू कारण?"

"लिही, आई उद्या सांगणार हाय."

ती माझ्याकडं बघत राहिली. "असं नाही लिहीत, आबा. पुढं कुणी वाचलं तर काय म्हणेल?"

"काय म्हणंल? आजून सांगितलं न्हाई म्हणंल. खोटं हाय का ते?"

तिनं डोळे पुसले आणि लिहिलं. मग म्हणाली, "मग आहे तसाच ठेवते. जसंच्या तसं. पुढं बदलायचा असला तर मीटिंग घेऊन बदला, सगळ्यांना विचारून. मी गुपचूप नाही बदलणार." ते बरोबर वाटलं. तेवढंच आमच्या दोघांच्या हातात होतं.

मी बाहेर येऊन बबनला सांगितलं. सोपानही तोवर येऊन बसला होता. बबन म्हणाला, "भाऊ, आवो भुईमूग जाईल ह्याचा." मी सोपानकडं बघितलं. तो जमीन उकरत बसला, काडीनं. मग म्हणाला, "वैनीचा हाय तवर मला नको." आणि थोड्या वेळानं, "आत्ता तरी नको. वैशाखात बघू." बबन हसला. मीही. तो खरं बोलला म्हणून बरं वाटलं. वैशाखात तो मागणार, आणि मला नाही म्हणता येणार नाही, हेही मला तेव्हाच कळलं.

आत वैशूनं एआयला तो अर्धा तास परत घालायला लावला आणि तपासणी पुन्हा सोडली. तिचे ते नसलेले शेतकरी परत सगळे पाण्याला आले. आपण दोघं ओट्यावरून बघायचो तसं मी एकटा तिच्या खांद्यावरून बघत होतो. म्हणाली, "जुळलं, आबा. सगळं जुळलं. आता नवा आईसारखंच सांगतो."

मी म्हणालो, "ईचार की त्याला मग."

"काय?"

"त्या अर्ध्या तासाचं."

वैशू म्हणाली, "आबा, आईनं त्यात घातलंय तेवढंच ते सांगणार." मला माहीत होतं. तरी म्हणून गेलो.

सभासदांच्या यादीत तुझ्या नावावर ते अर्धा एकर आहे ना, तिथं नावापुढं हयात का मयत असं विचारतं. ते मी तिला बदलू दिलं नाही. नियम असेल, सावकाश बदलू. या पाळीला तुझ्या नावाचं पाणी निघू दे.

आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी मी वॉलवर गेलो. नवा कागद फळ्यावर लागला होता, जुन्यासारखाच, फक्त अक्षर बारीक. जाताना सूप घेतलं आणि राहिलेल्या शेंगांची पाटी डोक्यावर घेतली. वाटेत दोघांनी विचारलं, भाऊ, शेंगा कुठं चालवल्या? मी चालत राहिलो.

रामभाऊनं लांबून हात केला, झालं म्हणून. मी त्याचा वॉल बंद केला, बाजूचा उघडला. पाणी चिंचेखालून ओढ्याकडं निघालं. मी चेंबरच्या कडेला बसलो, मांडीवर सूप घेतलं आणि शेंगा फोडायला लागलो. पाण्याच्या मागं जाऊन बघावं असं मनात होतं, कुठं जातं, कोण येतं. गेलो नाही. बघून मला काय कळणार होतं? एक म्हैस आली, प्यायली, गेली.

काशीबाई खोरं घेऊन आधीच आली होती. माझ्याकडं बघितलं, सुपाकडं बघितलं. मी म्हणालो, "तुजी पाळी व्हायचीय आजून."

"म्हाईत हाय," म्हणाली, आणि खोरं खाली ठेवून समोर बसली. मूठभर शेंगा ओढून घेतल्या. ती भराभर फोडत होती, मला जमत नव्हतं. अंगठा सोलवटला. तू कसं करायचीस, दाबायची कुठं, ते मी इतकी वर्षं समोर बसून बघितलं नाही.

वेळ झाली तसा मी वॉल बंद केला, काशीबाईचा उघडला. मग बसून उरलेल्या शेंगा संपवल्या. फोलपटं पाण्यावर सोडली आणि सुपातलं बी पाटीत ओतलं. एकही दाणा खाल्ला नाही, इंदू.